गुरुजी पाहिजेत, पण कोणते?

आज जरा घरातलाच विषय काढणार आहे, पण तो आपल्या घरापुरता राहत नाही, हे पुढे कळेलच.

आमच्या गावातल्या मंदिराचे गुरुजी वयोमानामुळे निवृत्त होणार म्हणून नवीन गुरुजींसाठी जाहिरात द्यायची ठरली. मंदिराचं नाव सांगत नाही, ते महत्त्वाचं नाही. कमिटीत मराठी आणि इंग्रजी दोन्ही टाइप करणारी मी एकटी, म्हणून मसुदा माझ्याकडे आला. हातानं लिहिलेला कागद होता. पहिलीच ओळ: ‘ब्राह्मण पुरुष, शाकाहारी, निर्व्यसनी.’ खाली स्वयंपाकघरासाठी मदतनीस हवा होता, तिथेही ‘हिंदू असावा’. आणि त्याखाली हिशेब बघायला आठवड्यातून दोन दिवस माणूस हवा, तिथेसुद्धा तेच.

मी टाइप करता करता थांबले. बैठकीत विचारलं, ‘काका, हे असं लिहिता येतं का इथे?’ काका म्हणजे आमचे ज्येष्ठ विश्वस्त, सगळे त्यांना काकाच म्हणतात. ते म्हणाले, ‘अगं, मंदिर आहे ते. चर्चवाले मुसलमानाला पाद्री करतात का?’ यावर सगळे हसले. प्रश्न चुकीचा नव्हताच. पण त्याच टेबलावर आमची एक मैत्रीण बसली होती. तिची मुलगी गणिताची शिक्षिका, आणि नुकतंच एका कॅथलिक शाळेत विभागप्रमुखाच्या जागेसाठी अर्ज भरताना तिला ‘तुमचा धर्म कोणता, आणि तुमच्या पाद्रींचं शिफारसपत्र आहे का’ असं विचारलं होतं. मैत्रीण एवढंच म्हणाली, ‘आपण लिहिलं तर परंपरा, आणि त्यांनी लिहिलं तर माझ्या पोरीवर अन्याय, असं कसं?’

चहा गार झाला, बैठक दोन तास लांबली. त्यानंतर मी कायदा वाचायला घेतला. मी वकील नाही, हे आधीच सांगते. कुणाची प्रत्यक्ष अडचण असेल तर ॲकासशी किंवा सिटिझन्स ॲडव्हाइसशी बोला, आणि लवकर बोला, कारण ट्रायब्युनलकडे जायची मुदत फार नसते. उत्तर आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांचा कायदा वेगळा आहे. मी बोलते आहे ते इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडबद्दल.

नोकरीत धर्मावरून भेदभाव करायचा नाही, असा सरळ नियम ब्रिटनमध्ये डिसेंबर २००३ मध्ये आला. त्याआधी वंशावरून आणि स्त्री-पुरुष म्हणून भेदभाव करायला बंदी होती, धर्माबद्दल असा सर्वसाधारण नियम नव्हता. पुढे हे सगळं २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये एकत्र झालं. त्या कायद्याला परिशिष्टं आहेत, आणि नवव्या परिशिष्टात अपवाद दिलेत. आपल्या कामाचं सगळं तिथे आहे.

एक दरवाजा सगळ्यांसाठी आहे. काम असं असेल की ते करायला अमुक प्रकारचीच व्यक्ती लागते, आणि ती अट वाजवी असेल, तर चालतं. मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांच्या निवाऱ्यात समुपदेशक बाईच हवी, हे त्यातलं उदाहरण.

दुसरा दरवाजा फक्त संघटित धर्माच्या कामासाठी. म्हणजे पाद्री, रब्बी, इमाम, पुजारी आणि त्यांच्या जवळपासची थोडी पदं. तिथे स्त्री की पुरुष, विवाहित की घटस्फोटित, समलिंगी आहे का, यावरूनसुद्धा अट घालता येते. पण धर्माची शिकवण तसं सांगत असली पाहिजे, किंवा अनुयायांपैकी बऱ्याच जणांच्या ठाम श्रद्धेशी संघर्ष टाळायचा असला पाहिजे. रोमन कॅथलिक चर्च बाईला पाद्री करत नाही आणि कायदा त्यांना अडवत नाही, तो या दरवाजामुळे.

तिसरा दरवाजा धार्मिक बैठक असलेल्या संस्थांसाठी, म्हणजे ख्रिस्ती धर्मादाय संस्था, मुस्लिम मदतसंस्था, हिंदू वृद्धाश्रम वगैरे. त्यांना ‘उमेदवार आमच्या धर्माचा हवा’ असं म्हणता येतं. फक्त धर्माबद्दल, बाकी कशाबद्दल नाही. आणि तेही त्या विशिष्ट कामाला खरोखर गरज असेल तरच.

कागदावर हे सोपं वाटतं. पण माणसं समोर आली की काय होतं ते बघा.

हेरफर्डच्या डायोसीजला, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या तिथल्या विभागाला, २००६ मध्ये तरुणांमध्ये काम करायला अधिकारी हवा होता. जॉन रेनी यांची मुलाखत झाली, निवड समितीला ते पसंत पडले. ते समलिंगी होते, आणि त्यांनी ते लपवलं नव्हतं. नातं नुकतंच संपलंय, आणि या पदावर असेपर्यंत मी ब्रह्मचर्य पाळेन, असं त्यांनी सांगितलं. बिशपना ते पटलं नाही, नोकरी नाकारली. २००७ मध्ये कार्डिफच्या ट्रायब्युनलनं निकाल दिला. गंमत अशी की हे पद संघटित धर्माच्या कामात मोडतं, हा चर्चचा मुद्दा ट्रायब्युनलनं मान्य केला. पण तुमची अट या माणसानं पूर्ण केली होती, मग तुम्ही कशाच्या आधारावर नाकारलंत, असं विचारलं. पुढच्या वर्षी रेनींना सुमारे ४७,००० पौंड भरपाई मिळाली. म्हणजे दरवाजा आहे, पण त्यातून जाताना आपणच लिहिलेली अट आपल्यालाही पाळावी लागते.

उलट बाजूची गोष्ट कॅनन जेरेमी पेम्बर्टन यांची. २०१४ मध्ये त्यांनी आपल्या पुरुष जोडीदाराशी कायद्यानं लग्न केलं. त्यांना एका एनएचएस रुग्णालयात धर्मोपदेशकाची नोकरी मिळणार होती. पगार देणार एनएचएस, पण बिशपचा परवाना लागतो. बिशपनी तो दिला नाही आणि नोकरी गेली. ट्रायब्युनल, अपील, आणि २०१८ मध्ये कोर्ट ऑफ अपील, तिन्ही ठिकाणी ते हरले. माझं व्यक्तिगत मत विचाराल तर इथे मला वाईट वाटलं. आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसाचा पगार तुमच्याआमच्या करातून जातो. पण कोर्टानं म्हटलं ते असं, की चर्चनं आपल्या पाद्रीकडून चर्चची शिकवण पाळायची अपेक्षा करणं हे याच अपवादात बसतं.

आता पाद्री सोडून बाकीच्यांकडे या, कारण आपल्यापैकी बहुतेक जण त्या बाकीच्यांत आहोत.

प्रॉस्पेक्ट्स नावाची ख्रिस्ती धर्मादाय संस्था होती, शिकण्यात अडचणी असलेल्या लोकांना मदत करणारी. आधी त्यांच्याकडे इतर धर्मांचे लोकही काम करत. मग त्यांनी ठरवलं की जवळजवळ सगळ्या पदांवर ख्रिस्तीच घ्यायचे, आणि जे आधीपासून आहेत पण ख्रिस्ती नाहीत त्यांची बढती बंद. तिथल्या एका व्यवस्थापकानं, स्वतः ख्रिस्ती असून, हे राबवायला नकार दिला आणि राजीनामा दिला. २००८ मध्ये ट्रायब्युनलनं संस्थेच्या विरुद्ध निकाल दिला. सरसकट नियम चालणार नाही, एकेक काम घेऊन बघा, की या माणसाला आंघोळ घालायला, बाजारात न्यायला मदत करणारी व्यक्ती ख्रिस्तीच कशाला हवी?

आमच्या कागदावरचा हिशेबनीस मला तेव्हाच आठवला. देवाच्या पेटीतले पैसे मोजायला बेरीज यावी लागते. ती हिंदू असण्यावर अवलंबून नाही.

आणि तिसरं, ग्लासगोचं. तिथल्या एका कॅथलिक सरकारी शाळेत अनेक वर्षं गणित शिकवणाऱ्या एका निरीश्वरवादी शिक्षकानं विद्यार्थ्यांच्या पालकत्वाच्या, म्हणजे त्यांच्याकडे लक्ष ठेवायच्या पदासाठी अर्ज केला. कॅथलिक नाही म्हणून मुलाखतीलाच बोलावलं नाही. ते जिंकले. २००७ मध्ये अपिलातही निकाल कायम राहिला, कारण नोकरी देणारी होती ग्लासगो कौन्सिल, आणि कौन्सिलला स्वतःचा काही धर्म नाही, तर तिला धार्मिक संस्थेची सवलत कशी मिळेल? भरपाई फक्त २,००० पौंड. तरी तो निकाल मला पैशापेक्षा मोठा वाटतो.

पण शाळांबद्दल खुशीत येऊ नका. इंग्लंडमधल्या सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांपैकी साधारण एक तृतीयांश धार्मिक शाळा आहेत, बहुतेक चर्च ऑफ इंग्लंडच्या आणि कॅथलिक. १९९८ च्या शाळा कायद्यानं त्यांना स्वतंत्र मुभा दिली आहे. ‘व्हॉलंटरी एडेड’ शाळा शिक्षक नेमताना, बढती देताना, अगदी पगार ठरवतानाही आपल्या धर्माच्या माणसाला झुकतं माप देऊ शकते, मग तो शिक्षक रसायनशास्त्राचा का असेना. ‘व्हॉलंटरी कंट्रोल्ड’ शाळेत ही मुभा जास्तीत जास्त एक पंचमांश शिक्षकांपुरती, धर्मशिक्षण देणाऱ्यांसाठी. दोन्हीकडे पगार सरकारी तिजोरीतून. कॅथलिक चर्चचं धोरण तर उघड आहे: मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि धर्मशिक्षणाचा प्रमुख हे कॅथलिकच हवेत. म्हणजे आमच्या मैत्रिणीच्या मुलीला गणिताच्या विभागप्रमुखाची जागा मिळू शकते, पण त्याच गुणवत्तेचा कॅथलिक उमेदवार समोर आला तर तिचं पारडं कायद्यानंच हलकं.

आणि ही मुभा आपल्यालाही आहे बरं का. हॅरोमधली कृष्णा अवंती ही सरकारी पैशावर चालणारी देशातली पहिली हिंदू शाळा. २००८ मध्ये सुरू झाली, तीही व्हॉलंटरी एडेड म्हणूनच. तेव्हा कॅथलिक शाळेला नावं ठेवताना आपलीही शाळा त्याच कलमाखाली उभी राहिली, हे ध्यानात असू द्या.

मला विचाराल तर वर्गात पायथागोरस शिकवणाऱ्याची श्रद्धा तपासायला नको, मग शाळा कुणाचीही असो. मी हे कमिटीत म्हटलं तेव्हा काकांनी चांगला प्रश्न केला. ते म्हणाले, ‘शाळेचं वातावरण भिंतींनी होत नाही, माणसांनी होतं. सगळेच बाहेरचे आले तर शाळा नावाचीच राहील.’ यात तथ्य आहे. लहान समाजाला परदेशात आपलं काही टिकवायचं असतं, तेव्हा ही भीती खरी असते, आणि ज्यांना कधी अल्पसंख्य म्हणून राहावं लागलं नाही त्यांना ती चटकन कळत नाही. पण मुख्याध्यापक, धर्मशिक्षक एवढ्यांनी वातावरण राखता येत नसेल, तर ते गणिताच्या बाईंच्या धर्मानं राखलं जाईल, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

आता पहिल्या ओळीकडे येते. ब्राह्मण पुरुष.

पुरुष हा शब्द दुसऱ्या दरवाजातून कदाचित जाईल. आमची परंपरा, आमच्या भक्तांची श्रद्धा, असं दाखवता आलं तर. पण ब्राह्मण? त्या दरवाजातल्या यादीत लिंग आहे, विवाह आहे, लैंगिक कल आहे, वंश नाही. तिसऱ्या दरवाजात तर फक्त धर्म. मग प्रश्न असा की जात म्हणजे काय, धर्म की वंश?

इथे दोन खटले वाचायला हवेत. एक ज्यू शाळेचा, लंडनच्या जेएफएसचा. खटला नोकरीचा नव्हता, प्रवेशाचा होता. आई कट्टर परंपरेनुसार ज्यू मानली जात नाही म्हणून एका मुलाला प्रवेश नाकारला. शाळा म्हणाली, हा आमचा धार्मिक नियम आहे, हजारो वर्षांचा. डिसेंबर २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊपैकी पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की नियम धर्मातून आला असेल, हेतू वाईट नसेल, पण कसोटी जर ‘कुणाच्या पोटी जन्मलास’ ही असेल, तर तो वांशिक भेदभावच होतो. मतं किती जवळजवळ विभागली गेली बघा, म्हणजे हा प्रश्न सोपा नव्हता.

दुसरा आपल्या जास्त जवळचा, तिर्की खटला. मिल्टन कीन्समधल्या एका भारतीय कुटुंबानं घरकामाला आणलेली बिहारची आदिवासी ख्रिस्ती बाई. रोज अठरा अठरा तास काम, मजुरी तासाला ११ पेन्स. डिसेंबर २०१४ मध्ये अपील ट्रायब्युनलनं म्हटलं की कायद्यात जात हा शब्द वेगळा नसला तरी ‘वांशिक मूळ’ या शब्दात ती बऱ्याचदा बसू शकते. २०१५ मध्ये तिला सुमारे १,८४,००० पौंड मिळायचा आदेश झाला. जात हा शब्द कायद्यात घालायचं बंधन संसदेनं २०१३ मध्ये सरकारवर घातलं होतं. त्यावर इथल्या हिंदू संघटनांत आणि दलित संघटनांत केवढा वाद झाला, तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलाय. २०१८ मध्ये सरकारनं ठरवलं की वेगळा शब्द नको, तिर्की निकाल पुरेसा आहे.

या दोन निकालांशेजारी आमचा कागद ठेवा. ब्राह्मण म्हणजे जन्म. जन्म म्हणजे वंशाच्या बाजूला गेलात. धर्माची खास सवलत तिथे हात देत नाही; उरतो तो पहिला, सगळ्यांसाठीचा दरवाजा, आणि तिथे ‘पूजा यायला अमुक आईच्या पोटी जन्म लागतो’ हे ट्रायब्युनलपुढे पटवायचं. मी कमिटीला म्हटलं, हे कोण उभं राहून सांगणार आहे? कुणी हात वर केला नाही.

काका मात्र म्हणाले, ‘इंग्रजांचा कायदा आपल्या देवळात.’ तेव्हा मी पंढरपूर काढलं. हा वाद आपण इंग्रजांकडून शिकलेलो नाही. साने गुरुजी विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये उपोषणाला बसले होते. तेव्हा प्रश्न आत जायचा होता. पूजा कुणी करायची हा प्रश्न त्यानंतरही कितीतरी वर्षं शिल्लक राहिला. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क काढणारा कायदा महाराष्ट्रानं १९७३ मध्ये केला. त्यावरची कोर्टबाजी सुप्रीम कोर्टात संपायला जानेवारी २०१४ उजाडला. आणि त्याच वर्षी मंदिर समितीनं पुजाऱ्यांसाठी जाहिरात दिली: कुठल्याही जातीचे, आणि स्त्रियासुद्धा अर्ज करू शकतात. पंढरपूरला चालतं ते आमच्या भाड्याच्या हॉलमधल्या विठोबाला चालणार नाही का?

आणखी एक. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच, लाहोरच्या न झालेल्या भाषणात, लिहून ठेवलंय की पुरोहितपण वंशपरंपरेनं नको, परीक्षा घ्या, सनद द्या, आणि ती पास होणाऱ्या कुठल्याही हिंदूला पुजारी होऊ द्या. हे लिहिणारा माणूस लंडनमध्ये शिकला. किंग हेन्रीज रोडवरचं त्यांचं घर महाराष्ट्र सरकारनं घेतलंय, तुम्ही पाहुण्यांना दाखवायला नेता. भारताच्या राज्यघटनेतही सोळाव्या कलमात तरतूद आहे की धार्मिक संस्थेतल्या पदावर त्या धर्माचीच व्यक्ती हवी असं कायद्यानं ठरवता येतं. ‘त्या धर्माची’ म्हटलंय. त्यात जात नाही.

काका गप्प बसले. पटलं म्हणून की कंटाळा आला म्हणून, ते मला अजून माहीत नाही. नंतर निघताना म्हणाले, ‘माझ्या आईनं मला संध्या शिकवायला जे गुरुजी आणले होते, तसे कुणी मिळाले तर बरं वाटलं असतं, इतकंच.’ हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण ‘ब्राह्मण’ लिहिणारा प्रत्येक हात दुष्ट असतो असं नाही. पण अर्ज करणाऱ्याला ती आई दिसत नाही, त्याला शब्द दिसतो.

जाता जाता दोन व्यवहाराच्या गोष्टी. भारतातून गुरुजी आणायचा विचार असेल तर २०१९ पासून नियम कडक झालेत: प्रत्यक्ष पुरोहिताचं काम करणाऱ्याला धर्मोपदेशकाचाच व्हिसा लागतो आणि त्याला इंग्रजीची बरीच वरची पातळी लागते. आणि आपल्या मंडळांत जे शनिवारी येऊन फुकट राबतात, ते बहुधा या कायद्याच्या संरक्षणात येत नाहीत; स्वयंसेवकाचा करार नसेल तर नोकरीतल्या भेदभावाचे नियम लागू नाहीत, असं सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये ठरवलंय. म्हणजे मोदक वळायला कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही, हे अजून आपल्या मनावरच सोडलेलं आहे.

तर आमची जाहिरात शेवटी अशी गेली. गुरुजी हिंदू धर्म आचरणारे असावेत. रोजची पूजा, अभिषेक, लग्न-मुंज, सत्यनारायण आणि अंत्यविधी करता यावेत. मुलाखतीच्या दिवशी प्रत्यक्ष पूजा करून दाखवावी लागेल. मंदिराच्या आवारात मांसाहार आणि दारू नाही. मराठी किंवा हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी. ब्राह्मण शब्द काढला. पुरुष शब्दावर मतदान झालं, सहा विरुद्ध पाच, आणि तोही निघाला. पाचांपैकी दोघं अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. स्वयंपाकघर आणि हिशेब, दोन्हींवरची धर्माची अट गेली.

अर्ज यायला लागलेत. पण मराठी माणसाला आडनाव दिसलं की पुढचं सगळं दिसतं, आणि तिथे कुठलाही कायदा आपल्या डोळ्यांवर हात ठेवायला येत नाही. म्हणून पहिली चाळणी नावं झाकून करायची ठरवली आहे. नावं झाकायचं काम माझ्याकडे आहे, ते मी आज रात्री बसून करणार आहे.